बादलीतला अर्थ

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एकच नियम होता: जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते छापायचं नाही. नियम मुख्य संपादकांचा, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना पंचनामासाहेब म्हणत. शिंकेच्या इंग्रजी शब्दासाठी त्यांनी कचेरीत मिरपूड मागवली होती. जांभईच्या शब्दाला मात्र वेगळा पुरावा लागला नाही. सोमवारची बैठक पुरली.

उपसंपादक तीन महिन्यांपूर्वी तळघरातून वर आले होते. तळघरात मुद्रितं तपासायची खोली होती. तिथे त्यांनी चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या आणि मोबदल्यात चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. साहेबांनी त्यांना एका अक्षरापुरतं वर घेतलं होतं. ‘एस’ तडीला गेलं तर खिडकीजवळची खुर्ची कायमची, नाहीतर पुन्हा जिना उतरायचा. सगळे शब्द मार्गी लागले, एक अडला: स्प्लॅश. आणि आज चार वाजता छापखान्याचा माणूस शब्दार्थांच्या चिठ्ठ्या न्यायला येणार होता.

शब्द तसा लबाडच. चहात दुधाचा जेमतेम थेंब टाकला तरी हाच, आणि बातमीने वर्तमानपत्राचं अख्खं पहिलं पान खाल्लं तरी हाच. असले किरकोळ अर्थ साहेबांनी मुकाट्याने मान्य केले. गाडं अडलं ते पाण्यापाशी. चिठ्ठी चारदा परत आली. ‘शिंपडणे’वर शेरा होता: फार सौम्य, इस्त्रीवाल्याला शोभेल. ‘उडवणे’वर: खिल्लीही उडवतात. ‘शिंतोडे’वर: हा परिणाम झाला, कृती कुठाय? चौथ्या खेपेला नुसतंच ‘हं’ लिहिलं होतं, आणि तेच उपसंपादकांच्या जास्त जिव्हारी लागलं.

शेवटी दुपारी दोन वाजता त्यांनी खोलीच्या मधोमध एक भरलेली बादली आणि एक पेला मांडला आणि साहेबांना जवळ बोलावलं. टंकलेखिका बाईंनी छत्री उघडली. ती त्यांनी स्वतःवर नाही, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर धरली. गठ्ठा भिजला तर पुन्हा टाईप कोणाला करावा लागेल, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

उपसंपादकांनी बोटांनी पाणी उडवलं. पेल्यातून भिरकावलं. पेला मुद्दाम कलंडवला. खुर्चीवर चढून वरून धार धरली. दर वेळी साहेब जमिनीपर्यंत वाकून बघत आणि नकारार्थी मान हलवत, आणि दर वेळी सफाईच्या मावशींना हाक जाई. चार वेळा त्या निमूट पुसून गेल्या. पाचव्या प्रयोगाआधी मात्र पोछा घेऊन दाराबाहेरच थांबल्या.

“आता काय करणार ते आधी सांगा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे काय आणायचं ते मला कळेल.”

साहेबांनी विचारलं, पाणी ते पाणी, त्यात काय आणायचं हा प्रश्न कुठून आला? मावशींना या अडाणीपणाची कीव आली असावी, कारण त्यांनी अगदी सावकाश समजावून सांगितलं. शिंपडणार असाल तर त्या येणारच नव्हत्या, ते आपलं आपण वाळतं. शिंतोडे उडवणार असाल तर फडकं, कारण भिंत गेली. सांडणार असाल तर पोछा. ओतणार असाल तर पोछा, दुसरी बादली आणि अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात कुणी मधून चालायचं नाही. उपसंपादक भराभर लिहून घेत होते. चौदा वर्षांत इतकी नेमकी नोंद त्यांच्या नजरेखालून गेली नव्हती.

मग त्यांनी चाचरत विचारलं, भरल्या बादलीत कुणी जोरात मूठ हाणली तर?

“त्याला मी लागत नाही,” मावशी म्हणाल्या. “त्यात करणारा कोरडा राहत नाही. जो भिजला तोच पुसतो.”

उपसंपादकांनी नवी चिठ्ठी पुढे ओढली. त्यांनी लिहिलं: ‘द्रवावर असा आघात करणे, की तो चहूकडे उडावा आणि करणाराही भिजावा.’ साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काहीतरी दिसलं. पण नियम म्हणजे नियम. मी करतो, असं उपसंपादक म्हणाले. तर करणारा भिजतो की नाही हे करणाऱ्यानेच ठरवायचं असतं, असं म्हणून साहेबांनी बाही वर सारली आणि बादलीत मूठ हाणली.

पाणी पंख्यापर्यंत गेलं. साहेब भुवयांपासून बुटांपर्यंत भिजले, उपसंपादक डाव्या बाजूने, टंकलेखिका बाई उजव्या. चिठ्ठ्या कोरड्या ठणठणीत.

“खाली उदाहरण टाका,” साहेब चष्मा निथळवत म्हणाले.

उपसंपादकांनी लिहून वाचून दाखवलं: ‘साहेबांनी बादलीत मूठ हाणताच चौघेही भिजले.’

“तिघं,” मावशी म्हणाल्या. “मी दाराबाहेर आहे.”

चौघांचे तिघे झाले आणि त्याखाली साहेबांची सही झाली. मग मावशींनी हातातला पोछा पुढे केला. साहेबांनी तो उलटसुलट न्याहाळला, चिठ्ठीकडे पाहिलं आणि सही केल्याचा बहुधा थोडा पश्चात्ताप करत खाली बसले.

चारच्या ठोक्याला छापखान्याचा माणूस आला. एक ओलाचिंब म्हातारा टेबलाखाली पुसत होता, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत एक अर्धेअधिक कोरडे गृहस्थ सही झालेल्या चिठ्ठ्या नीट लावत होते. त्याने गृहस्थांना अदबीने ‘मुख्य संपादकसाहेब’ म्हणत गठ्ठा ताब्यात घेतला, आणि जाता जाता म्हाताऱ्याला सांगितलं, “बाबा, तो कोपरा राहिला.”

उपसंपादक खिडकीबाहेर बघू लागले. चूक दिसली की दुरुस्त करायची, हे तळघरातलं काम होतं. ते त्यांनी नुकतंच सोडलं होतं.