गल्लीत एकही बेकार नव्हता

माझी बायको भागीबाई विड्या वळायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण जेव्हा सांगायला हवे होते तेव्हा मी सांगितले नाही.

मी विणकर. नाशकात भद्रकालीच्या मागच्या बाजूला एका मालकाचे बारा माग होते. त्यांतल्या एकावर मी बसायचो, शेजारच्या मागावर हारुन शेख. आमची घरेही एकमेकांना लागून. मधली भिंत कुडाची होती, त्यामुळे पलीकडचे भांडण, खोकला, कात्रीचा आवाज, सगळे अलीकडे ऐकू यायचे. हारुनची बायको जैतुनबी आणि भागी यांचे भिंतीतूनच बोलणे चालायचे.

१९३० सालच्या दिवाळीनंतर मालकाने सूत देणे बंद केले. माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला आतल्या खोलीत नेले. आम्ही विणलेली लुगडी तिथे आढ्यापर्यंत रचून ठेवली होती.

"घेणार कोण?" तो म्हणाला. "बाजरीला भाव नाही, कांद्याला भाव नाही. खेड्यातली बाई जुन्यालाच ठिगळ लावतेय. ती विकत घेईना, मी विकू काय, आणि तुम्ही विणून करणार काय?"

तो बोलला ते खरे होते, पण तेव्हा मला ते पटले नाही. मला वाटले, आपल्याच हातात काहीतरी कमी असेल. चांगल्या विणकराला कोण घरी बसवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, भाकरी बांधून घेतली, पिशवीत मागावरचा धोटा टाकला आणि रोजच्या वेळेला बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी हारुन भेटला. त्याच्याही खांद्याला पिशवी होती.

"निघालास का सावळ्या?"

"निघालो."

मालकाचे माग होते ती जागा आली तेव्हा दोघांनीही तिच्याकडे पाहिले नाही. तसेच पुढे गेलो आणि गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पायऱ्यांवर जाऊन बसलो. तिथे ओळखीची माणसे होती. एक तांबट होता, त्याच्याजवळ हातोडी होती. एक छापखान्यात खिळे जुळवणारा होता. एक सुतार होता. सगळ्यांजवळ आपापले हत्यार, आणि कोणी कोणाला काही विचारत नव्हते. दुपारी भाकऱ्या सोडल्या. काम सुटायच्या वेळेला उठलो. परत येताना हारुन गल्लीत मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "आज लय काम झालं. पाठ मोडली." मी हसलो. असे आम्ही रोज करू लागलो.

भागीने कधी विचारले नाही. महिनाभराने ती जैतुनबीबरोबर विडीच्या कारखान्यात गेली आणि पाने, तंबाखू, दोरा घेऊन आली. मांडीवर सूप घेऊन आतल्या खोलीत बसू लागली. पाने ओल्या फडक्यात ठेवायची, कात्रीने कापायची, वळायची, बांधायची. संध्याकाळी माझ्या पिशवीतून धोटा काढून, पुसून, कोनाड्यात ठेवायची. सकाळी परत पिशवीत घालून द्यायची. भाकरीही तीच बांधायची.

माघात शिरगणती आली. आमच्या गल्लीसाठी शाळेतले ढुंढिराज मास्तर नेमले होते. मी ओट्यावर बसलो होतो. मास्तर पायरीवर कागद पसरून बसले. दोन्हीकडची माणसे दारात उभी राहून ऐकत होती.

"धंदा?"

"विणकर."

"काम चालू आहे?"

"आहे की."

"बायको काय करते?"

आत कात्री चालू होती. ती एकदम थांबली. मी मागे वळून पाहिले. भागीने सुपावर पदर टाकला होता आणि हात पदराखाली घेतले होते.

"काही करत नाही," मी म्हणालो. "घरात असते."

मास्तरांनी लिहून घेतले. मग शाळेतल्या गोष्टी सांगत बराच वेळ बसले. तेवढा वेळ भागी तशीच बसून होती. नंतर ते हारुनकडे गेले. हारुनने माझेच उत्तर दिले. पलीकडची कात्रीही थांबलेली मी ऐकली.

संध्याकाळी विड्या मोजून झाल्यावर भागी म्हणाली, "अवो, काही न करणाऱ्या बाईच्या आज शंभर कमी पडल्या."

भिंतीपलीकडून जैतुनबी हसली. "माझ्याबी, भागी. आपण दोघी बसून खातो ना, म्हणून."

मी हसण्यावारी नेले.

दुसऱ्या वर्षी कारखान्याने विड्यांचा दर उतरवला. बायकांनी विचारले तर मुनीम म्हणाला, "परवडत नसेल तर नका करू. दाराबाहेर बघा किती उभ्या आहेत." त्या उभ्या होत्या त्या कोणाच्या बायका होत्या? विणकरांच्या, तांबटांच्या, सुतारांच्या. आमच्याच. आम्ही पायऱ्यांवर बसलो म्हणून त्या कारखान्याच्या दारात गेल्या, आणि त्या दारात गेल्या म्हणून भागीचा दर उतरला. हे मला आता इतके सरळ दिसते. तेव्हा आम्ही प्रत्येक जण आपापली लाज लपवण्यात गुंतलो होतो. सगळ्यांचे मिळून काय झाले आहे ते कोणी पाहिले नाही.

दर उतरल्यावर भागीला तेवढ्याच पिठासाठी जास्त विड्या वळाव्या लागल्या. तिला खोकला लागला. कोरडा, दोनदा थांबून परत येणारा. एकदा ती म्हणाली, "पानं तेवढी कापून द्या. कवाड लावून घेते. कोण बघतंय?"

"मी विणकर आहे," मी म्हणालो.

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "धोटा मीच पुसते."

त्यानंतर तिने कधी मागितले नाही.

१९३३ च्या श्रावणात ती गेली. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. घरी आलो तर ओल्या फडक्यात दोन दिवसांची पाने तशीच होती. पाने कारखान्याची, परत द्यायची तर वळूनच द्यावी लागतात. जैतुनबीने ती उचलून नेली आणि आपल्या कामाआधी ती वळली.

तेराव्यानंतर मी सवयीने पिशवी घेऊन गंगेवर गेलो. दुपारी सगळ्यांनी भाकऱ्या सोडल्या. मी पिशवीत हात घातला. धोटा होता, भाकरी नव्हती. हारुनने आपली अर्धी पुढे केली. ती भाकरी कोणाच्या हातची आणि कशाच्या जिवावर आली, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मी ती त्याच्या फडक्यावर परत ठेवली. त्या दिवसापासून मी पायऱ्यांवर गेलो नाही. मिळेल तिथे लाकडे फोडली, पोती उचलली. चार दिवस मिळायचे, दहा दिवस नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी ढुंढिराज मास्तर परत गल्लीत आले. गावातल्या काही मंडळींनी खटपट करून नाशिक रोडकडच्या रस्त्यावर खडी फोडण्याचे काम मिळवले होते. बेकारांची यादी करायची होती. यादीत ज्याचे नाव, त्यालाच काम.

मास्तर ओट्यावर बसले आणि टोपी काढून म्हणाले, "शिरगणतीला मी ही गल्ली लिहिली. एकही बेकार निघाला नाही. एवढी सुखी गल्ली अख्ख्या नाशकात नव्हती. आता खरं सांगणार आहात का कोणी?"

माणसे आपापल्या दारात मागे सरली. हारुन आपल्या दारात पिशवी खांद्याला लावून उभा होता.

मी म्हणालो, "माझं लिहा. सावळीराम, विणकर होतो. दिवाळीला चार वर्षं होतील, माग बंद आहे. तेव्हा तुम्हाला खोटं सांगितलं."

"बरं. घरात कोण?"

"कोणी नाही. भागीबाई होती. ती विड्या वळायची. तीन वर्षं घर तिनं चालवलं. तेही लिहा."

"अहो, मेलेल्या माणसाचा इथे रकाना नाही."

"मग माझ्याच नावापुढं लिहा. तुम्हीच विचारलं होतंत, बायको काय करते."

मास्तरांनी दौतीत टाक बुडवला. मग त्यांनी लिहिले. काय लिहिले ते मी वाचून घेतले. मग ते हारुनकडे वळले.

"शेख, तुमचं?"

"आपलं चालू आहे मास्तर," हारुन म्हणाला. "आता कामावरच निघालो होतो."

त्याच्या घरात कात्री थांबली. आणि मग खोकला आला. कोरडा. थांबला, परत आला.

तो खोकला मी दोन वर्षे ऐकला होता. तो कुठवर नेतो ते मला माहीत होते. मी उठून हारुनच्या दारात गेलो.

"हारुन, पिशवी ठेव."

"तुझं तू बघ सावळ्या."

"ऐकतोयस का आत काय चाललंय? माझ्या घरात हेच चालायचं आणि मी पिशवी घेऊन निघायचो."

"माझ्या घरातलं बोलू नको!" त्याने मला छातीवर हात ठेवून ढकलले. मी पायरीवरून खाली आलो. दोन माणसे मध्ये पडली. मास्तर कागद गुंडाळू लागले. म्हणाले, "ज्याला नाही म्हणायचं त्याचं नाव मी कसं घालू?"

तेव्हा दारामागून जैतुनबी बोलली. ती बाहेर आली नाही, पण आवाज सगळ्या गल्लीने ऐकला.

"लिहा मास्तर. हारुन शेख. चार वर्षं घरी हाय."

आमच्या गल्लीत हिंदूची असो की मुसलमानाची, कोणतीही बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. बारा वर्षांच्या शेजारात मी तिच्या तोंडून ते नाव ऐकले नव्हते. हारुनने तिच्याकडे वळून पाहिले.

"आणि जैतुनबी," ती म्हणाली. "विड्या वळते. घरात बसून नाय खात." मग तिला परत खोकल्याची उबळ आली.

हारुन ओट्यावर बसला. पिशवी खांद्यावरून काढून त्याने मांडीवर घेतली. मास्तरांनी कागद परत उलगडला. त्या सकाळी आमच्या गल्लीत एकोणीस बेकार निघाले.

खडीचे काम दीड महिना चालले आणि संपले. तेवढ्याने कोणाचे दैन्य गेले नाही. हारुन आठ-दहा दिवस माझ्याशी बोलला नाही, शेजारी बसून दगड फोडत राहिला. मग एके दिवशी बघतो तर तो दिवसाढवळ्या ओट्यावर बसून पाने कापत होता आणि जैतुनबी आतून ओरडत होती, "ही पानं कापली का पतंग? अल्लाची गाय, दे इकडे!" दुपारी ती आता तासभर निजते. खोकला आहे, पण पूर्वीइतका नाही. दवाखान्यात तिला हारुन घेऊन जातो.

मीही जैतुनबीकडून शिकलो. भागीचे सूप कोनाड्यावर टांगलेले होते, ते काढले. पहिल्या दिवशी पाचशे विड्या घेऊन कारखान्यात गेलो. बायकांच्या रांगेत मी एकटाच पुरुष. तपासणाऱ्याने त्यातल्या दोनशे खराब म्हणून बाजूला काढून टाकल्या.

"भागीबाईच्या कधी वीस-पंचवीसवर गेल्या नाहीत," तो म्हणाला. "हात फार चांगला होता त्यांचा."

मी म्हणालो, "होय."