पिशोरच्या टेकाडातील झिजलेल्या दाढा

पिशोरजवळच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरात, लहान पिलांचे एकोणीस खालचे जबडे सापडले. त्यांपैकी अकरा जबड्यांत पहिली दुधाची दाढ पुढच्या कडेला तिरपी झिजलेली होती; डावीकडे आणि उजवीकडे सारखीच.

चावण्याने दाढ वरून झिजते, पुढून नव्हे. माझ्या मार्गदर्शकांच्या मते ही शिकार केलेल्या चिंकाऱ्याची पाडसे होती आणि झीज हा रोग होता. या वयाच्या पाडसाची आणि करडाची दाढ वेगळी ओळखणे अवघड असते, त्यामुळे मला ठामपणे विरोध करता येईना. जनावरे पाळलेली होती हे बुधवारपर्यंत दाखवता आले नाही, तर दुसऱ्या वर्षीचे उत्खनन रद्द होणार होते. जमिनीचे मालक आप्पासाहेब टेकाड सपाट करून अद्रक लावायला थांबलेच होते.

शनिवारी घरी संगणकावर छायाचित्रे पाहत बसलो होतो. आई मागे येऊन उभी राहिली.

"बिभीषण, करडाचं थोबाड काय बघत बसलाय?"

"करडाचंच कशावरून?"

"चाळीस वरसं मी काय कोंबड्या राखल्या व्हय?" तिने झिजलेल्या कडेवर नख टेकवले. "हितं काडी बसायची. तूच बांधायचास की. शिकून लई इसरभोळा झालास."

दोन वर्षे मी त्या दाढा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होतो आणि हे मला सुचले नव्हते. वडील, मुंजाबा, कडुनिंबाच्या बोटभर काड्या तासून ठेवत. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या रिकाम्या जागेत काडी आडवी घालायची, दोरी कानांमागे बांधायची. करडू गवत खुडू शकते, पण आचळ धरू शकत नाही. दूध घराला उरते. गाठ मारताना हाताला लागणारी ती ऊब आणि ओली जीभ आठवली. शेळीच्या दुधाचा चहा तेव्हा मला आवडत नसे. वडील गेल्यावर शेळ्या विकल्या; आता सिडकोतल्या घरात तो मिळत नाही.

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे, माय."

"मग उकर जा. साथीत मेलेली करडं बांधाला पुरलीत. ह्यांनी काड्यासुदीक काढल्या नव्हत्या."

"आणि काड्या कुजल्या असतील, तर कुणाला होती ते कसं कळणार?"

"मी मेले का?"

रविवारी आम्ही गावच्या शेतात गेलो. मी खणत होतो, ती बाभळीखाली बसून, कोणते करडू कुठे पुरले ते आठवून सांगत होती. जबड्यावरची माती झाडण्याआधी तिचे उत्तर मी वहीत लिहून घेत होतो.

"हे तांबडीचं. लई द्वाड. ह्याला काडी व्हती. त्याच्या शेजारचं मोरीचं, तिला दूधच नव्हतं, मग कशाला बांधू? ... हे कुणाचं, नाय सांगता येत."

ते मी मोजणीतून वगळले. उरली आठ करडे. पाचांना काडी होती, तिघांना नव्हती, असे तिचे म्हणणे.

तांबडीच्या करडाचा जबडा तिने पदराने पुसला. "तुझा बाप त्याला शिव्या घालायचा, अन् जेवताना भाकर त्यालाच."

"तपासून झाला की परत आणून पुरतो."

"आणशील. नायतर ठेवशील कपाटात आकडा टाकून."

जबडे धुतले. पाच जबड्यांत तिरपी झीज होती, तीन जबड्यांत नव्हती. वहीतल्या उत्तरांशी आठही जुळले. झिजेवरचे बारीक ओरखडे आडवे होते. टेकाडातल्या अकरा जबड्यांवरही तसेच आडवे होते.

मंगळवारी मार्गदर्शकांनी टेकाडातल्या आणि शेतातल्या जबड्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली आणि विचारले, "ओळख पटवणारी व्यक्ती कोण?"

"वच्छलाबाई मुंजाबा. शेळीपालन, चाळीस वर्षे."

त्यांनी उत्खननाच्या अर्जावर सही केली. अहवालात मी लिहिले: झिजेचे कारण रोग नाही. करडांनी आईचे दूध पिऊ नये म्हणून त्यांच्या तोंडात आडवी काडी बांधली जात असे. ती पहिल्या दाढेवर घासून दाढ झिजली. ही जनावरे पाळलेली होती आणि त्यांच्या आयांचे दूध माणसे काढत होती.