अक्रोड नसलेले रोल

वीब्रेनच्या पायांत पेटके यायचे, रात्री-अपरात्री, झाडाचं खोड पिळावं तसे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा. म्हणून त्याची बायको निंके लेवार्डन शहरातल्या कॉफीशॉपमधून, हॉलंडमध्ये तिथं तो उघड विकतात, थोडा गांजा आणायची, तो लोण्यात मंद आचेवर मुरवायची आणि त्या लोण्याचे दालचिनीचे रोल भाजायची. सकाळी अर्धा रोल खाल्ला की वीब्रेनला कपडे घालता यायचे. दालचिनीमुळे वास कळायचा नाही. ओळखायची खूण एकच होती: त्याच्या रोलवर अक्रोड. साध्या रोलवर काही नाही.

त्या शुक्रवारी अक्रोड संपले होते. आणि त्याच्या व साध्या रोलची दोन्ही ताटं एकाच सकाळी भट्टीतून निघाली होती, कारण दुपारी निंकेची बहीण येणार होती.

निंके मागे कपडे वाळत घालत होती. तेवढ्यात मिर्ते, वीब्रेनला आंघोळ घालायला येणारी नर्स, काम उरकून निघाली. निंके आत आली तर खिडकीजवळच्या ताटात दोन जागा रिकाम्या.

"वीब्रेन, इथले रोल कुठं गेले?"

"मिर्तेला दिले. पोरगी उपाशी निघाली होती सकाळी. एक तिला, एक डुर्ककाकांना, पुढं त्यांच्याकडंच जाते ना ती. का गं?"

"अरे, ते तुझे होते!"

त्यानं चाकांची खुर्ची ताटाकडं वळवली. "पण वर अक्रोड कुठं होता?"

"नव्हताच! संपले होते. मी सांगायला हवं होतं तुला."

तिनं फोन लावला. मिर्तेचा फोन वाजत राहिला. कोणाच्या घरात काम करताना ती तो उचलायचीच नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. निंकेच्या डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली: डुर्ककाकांनंतर मिर्ते बाउक्ये मावशींकडे जाते. त्यांना इन्शुलिन टोचायला. गाडी चालवत.

"हे खाल्लं की लगेच चढत नाही," वीब्रेन म्हणाला. "तास जातो. जा तू."

"आणि तू?"

"मी काय पळून जाणार आहे? जा म्हणतो ना!"

कोट न घालताच तिनं सायकल काढली. समुद्राच्या बांधाखालच्या रस्त्यावर वारा तोंडावर होता. ती उभी राहून पॅडल मारत होती तरी सायकल पुढं सरकत नव्हती. प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं, आता मिर्तेची पांढरी गाडी खंदकात आडवी दिसेल. आणि डुर्ककाका. ब्याऐंशी वर्षांचं माणूस, हृदयाच्या गोळ्या खाणारं. त्यांना काही झालं तर?

गाडी डुर्ककाकांच्या दारात उभी होती. आत मिर्ते जमिनीवर बसून म्हाताऱ्याच्या पायात घट्ट मोजे चढवत होती. टेबलावर रिकामी बशी, आणि काका बोटांनी दालचिनीची साखर चाटत होते.

"निंके! अगं, हात काय आहे तुझा! असं काही मी बायको गेल्यापासून खाल्लं नव्हतं."

"मिर्ते, तू तुझा रोल खाल्लास?"

"गाडीत. का? चेहरा का असा झालाय तुझा?"

निंकेनं सांगितलं. मिर्तेच्या हातातून मोजा सुटला.

"म्हणजे मी आता... बाउक्ये मावशींचं इंजेक्शन..." ती उठली आणि परत बसली. "मी उलटी करते. ऑफिसला सांगते, पोट बिघडलंय म्हणून. निंके, माझी नोकरी जाईल गं. तू कोणाला बोलू नकोस. प्लीज."

निंकेला क्षणभर तेच हवं होतं. गावात कुजबुज होणार नाही, तिच्या स्वयंपाकघराचं नाव कुठं निघणार नाही. मग तिनं काकांकडं पाहिलं.

"आणि काकांना भोवळ आली तर डॉक्टरला काय सांगायचं, पोट बिघडलं म्हणून? दे तो फोन. मीच बोलते."

ऑफिसनं बाउक्ये मावशींकडं दुसरी नर्स पाठवली. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्याला आडवं करा, पाणी द्या, एकटं सोडू नका, मी येतोच. काका आडवे व्हायला तयार नव्हते.

"मला काय झालंय? मी ठणठणीत आहे," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "हे घड्याळ आज फार जोरात चालतंय." मग आपल्याच बोलण्यावर हसले आणि हसता हसता झोपले. निंके त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास बघत बसली.

मिर्तेला मात्र झोप आली नाही. ती न्हाणीघराच्या फरशीवर भिंतीला पाठ टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. "माझं काळीज थांबतंय," ती पुन:पुन्हा म्हणत होती. "निंके, मी मरतेय का?"

"नाही गं बाई. वाटतं तसं. उतरतं ते. माझ्याकडं बघ."

पण ते उतरायला फार वेळ लागला. निंके कधी हिच्याजवळ, कधी काकांजवळ, अशा येरझाऱ्या घालत राहिली. मध्येच वीब्रेनचा फोन आला तर तिला नुसतं एवढंच म्हणता आलं, "अजून मोठं काही नाही झालेलं."

डॉक्टर आले, रक्तदाब पाहिला, संध्याकाळपर्यंत काकांजवळ कोणीतरी बसा म्हणाले. काका उठले ते भुकेजलेले, अजून एक रोल आहे का विचारत. मिर्तेला तिचा नवरा घेऊन गेला. जाताना तिनं निंकेकडं पाहिलं नाही.

नोकरी राहिली, पण ऑफिसनं तिला दुसऱ्या गावांकडं लावलं. वीब्रेनकडं एक उंच, अबोल माणूस यायला लागला, जो कॉफीचा घोटही घ्यायचा नाही. वीब्रेननं रोल खाणंच सोडलं. "नको ते," एवढंच म्हणायचा, आणि पेटके आले की दात आवळून पडायचा.

शेवटी निंके मिर्तेच्या दारी गेली. मिर्तेनं दार उघडलं, आत ये म्हणाली नाही.

"तू मुद्दाम नाही केलंस, मला माहितीये," ती म्हणाली. "तू फोन केलास तेही बरोबरच होतं. पण अजून मी कोणाच्या घरचं काही खाऊ शकत नाही. माझ्या आईच्या घरचंसुद्धा."

"काही करता येईल मला?"

"नाही." मग दार लोटता लोटता तिनं विचारलं, "त्याचे पाय कसे आहेत?"

"वाईट. खातच नाही तो."

"त्याला म्हणावं, खा. मी सांगितलंय म्हणून सांग."

घरी येऊन निंकेनं ते जसंच्या तसं सांगितलं. वीब्रेननं दुखणारे पाय हातांनी चोळले. मग म्हणाला, "लोणी आहे का घरात?"