तालुक्याची माहिती

‘पाठीशी डोंगर, पुढं नदीचा वळसा,
मधी भाताचं शेत, जणू अंगणी आरसा.’

ईशान्य थायलंडातल्या त्या खेड्यात सकाळी सहाला कर्ण्यातून हा आवाज घुमायचा. आवाज गावच्या पाटलाचा, म्हणजे पिकुलच्या बापाचा. आधी अशी दोन पदं आळवायची, मग बातम्या: आज म्हशींना लस, उद्या तालुक्याचे साहेब, आणि कालव्यावर कुणाचं तरी उपरणं राहिलंय, घेऊन जा.

पिकुल म्हणजे बकुळीचं फूल. म्हणून नवरा मॅल्कम तिला बकुळ म्हणायचा. मॅल्कम वसईचा, कतारच्या हमद पोर्टला कंटेनरच्या ऑफिसात. त्याची आई दोन वर्षं त्यांच्याकडं राहिली, तेव्हा सुनेला मराठी येऊ लागली, तीही सासूच्या ठसक्यासकट.

आज शुक्रवार. लेक व्हॅलेरीला शाळेत आईच्या तालुक्याची माहिती लिहून न्यायची होती.

“मला इचारू नको गो, आजोबांनाच इचार,” म्हणत पिकुलनं व्हिडिओ कॉल लावला. साठी भरली म्हणून या महिनाअखेर बापाची पाटीलकी संपणार होती. आवाज मात्र तोच.

“हाउ मेनी व्हिलेजेस?” व्हॅलेरीनं विचारलं. पिकुल दोन्हीकडचं बोलणं एकमेकांच्या भाषेत सांगत राहिली.

“बासष्ट गावं, सात मंडळं. गावाला पाटील, मंडळाला मोठा पाटील, सगळ्यांच्या वर तालुक्याचा साहेब.”

“म्हणजे आमच्या पोर्टासारखंच,” मॅल्कम म्हणाला. “काम खालच्यानं करायचं, सही वरच्यानं.”

म्हातारा खळखळून हसला. मग रंगातच आला. दुष्काळात अकरा बैलगाड्या नदीच्या काठाकाठानं वर आल्या, त्यातून गाव वसलं. तो सोळा वर्षांचा असताना मोठ्या तालुक्यातून हा तालुका वेगळा झाला. कचेरीला इमारत नव्हती, साहेब विहाराच्या मंडपात बसायचा आणि कोंबड्या त्याच्या कागदांवरून चालायच्या. व्हॅलेरी भराभर लिहीत होती. पिकुलच्या नाकात ओल्या भाताचा वास भरून आला.

“अजून एक लिही,” म्हातारा म्हणाला. आवाज खाली आला. “कालव्याचं पाणी साहेबानं मित्राच्या शेताकडं वळवलं, मी वर तक्रार केली. त्याच वर्षी तुझ्या आईनं कचेरीतल्या नोकरीची परीक्षा दिली. पोरगी हुशार, म्हणून ती पास होणार असं मी निकालाआधीच कर्ण्यावरून सांगून बसलो. तिला नापास केलं. माझ्यामुळं. म्हणून तर तिला परदेशी जावं लागलं. तेरा वर्षं झाली, त्या कचेरीची पायरी चढताना अजून मान वर होत नाही माझी.”

हे पिकुलनं मराठीत सांगितलं नाही.

“काय म्हणाले?” मॅल्कमनं विचारलं.

“कालव्याचं सांगतायत.”

“मग तू रडतेस कशाला?”

व्हॅलेरीची पेन्सिल थांबली. पडद्यावर म्हातारा डोळ्यांना उपरणं लावत होता. महिनाअखेर तो ती पायरी शेवटची चढणार, तीही अशीच, खाली मान घालून.

पिकुलनं फोन दोन्ही हातांत धरला.

“फो,” ती म्हणाली. बापाला तिकडं फो म्हणतात. “तुमच्यामुळं काही झालं नाही. मला कुणी नापास केलं नव्हतं. नेमणुकीचं पत्र आलं होतं, पोस्टमनकडून मीच घेतलं आणि तांदळाच्या कणगीत दडवलं. मला त्या कचेरीत जन्म काढायचा नव्हता. मला जायचं होतं, फो. मी पास झाले होते.”