चिलिंगिरियान: पुरे नाव, मोठ्या अक्षरात

मी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. माझे वय झाले आहे, एक कोपरा वाकला आहे आणि अंगभर खरवडल्याच्या खुणा आहेत. पण मला कोणी बिचारी म्हणू नये. अमेरिकेतल्या फ्रेझ्नो शहराच्या उन्हात द्राक्षांचे बेदाणे होतात. त्या उन्हात मी जितकी वर्षे उभी राहिले, तितकी इथली पुष्कळ दुकानेसुद्धा टिकलेली नाहीत.

माझा जन्म १९२२ सालचा. पारोनाक चिलिंगिरियान नावाच्या माणसाने रेल्वे रुळांच्या अलीकडे भाड्याच्या जागेत पावाची भट्टी घातली होती. तुर्कांनी आर्मेनियन लोकांना मायदेशातून हुसकावले तेव्हा त्याच्या घरातून अकरा माणसे निघाली होती. अमेरिकेला पोचला तो एकटा. भट्टी सुरू झाल्यावर त्याने वार्ताझार उस्तादाला बोलावले. हा उस्ताद पूर्वी गावाकडे बैलगाड्या रंगवत असे. पारोनाकने त्याला सांगितले, वरची ओळ आपल्या आर्मेनियन अक्षरांत, मोठी. इंग्रजी खाली, लहान. आणि आडनाव पुरे लिही, कापू नकोस.

उस्तादाने मला निळा रंग दिला आणि त्यावर पिवळी अक्षरे काढली. वरच्या ओळीत 'चिलिंगिरियान' आणि त्यापुढे 'हात्स', म्हणजे भाकरी. रंग वाळल्यावर त्याने मला पारोनाकसमोर धरले आणि एकदा वाचून खात्री करून घे म्हणाला. पारोनाक माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "झकास झालंय. एकही चूक नाही."

उस्ताद पोट धरून हसला. त्याने मला मुद्दाम उलटे धरले होते.

होय मित्रांनो, माझ्या धन्याला मी वाचता येत नव्हते. तो तुर्की बोलत असे. त्याच्या गावात सगळेच तसे बोलत. ही गोष्ट लपून राहणारी नव्हती. दोन-तीन दिवसांत गिऱ्हाइकांनी त्याची थट्टा सुरू केली, की वा रे पाटी, डोक्यावर आर्मेनियन आणि तोंडात तुर्की. पारोनाक पावाच्या लाद्या बाहेर काढत होता. त्याने पाव काढायचे लांब दांड्याचे फावडे खाली ठेवले आणि म्हणाला, "आमच्या गावात आपल्या भाषेत बोलायची चोरी होती. म्हणून मला ती येत नाही. आणि येत नाही, म्हणूनच ती डोक्यावर पाहिजे."

त्यानंतर ती थट्टा कोणी केली नाही.

पुढच्या वर्षी त्याचे येरानुहीशी लग्न झाले. ती अनाथाश्रमात वाढली होती आणि तिथल्या बाईंनी तिला लिहायला-वाचायला उत्तम शिकवले होते. तिने नवऱ्याला शिकवायचे ठरवले. दुसरे पुस्तक घरात नव्हते, म्हणून माझ्यावरूनच शिकवू लागली. सकाळी दुकान उघडले की पारोनाकला रस्त्यावर उभे करायची आणि एकेका अक्षरावर काठी टेकवायची. हा सदतीस वर्षांचा दांडगा माणूस मान वर करून, घाम पुसत अक्षरे लावायचा. गिऱ्हाईक ताटकळायचे, पण धडा संपल्याशिवाय येरानुही कोणाला पाव देत नसे. ज्या दिवशी त्याने 'हात्स' हा शब्द एकट्याने वाचला, त्या दिवशी तो आत गेला आणि भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. येरानुहीने तेवढा वेळ दुकान सांभाळले.

असे सात-आठ वर्षे बरे चालले. मग एके दिवशी जागेचा मालक आला. त्याने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, की या परक्या खरडीमुळे चांगले लोक या बाजूला फिरकत नाहीत. वरची ओळ पुसा, नाहीतर शनिवारपर्यंत जागा सोडा. पारोनाकने शनिवारची वाट पाहिली नाही. त्याने शिडी लावून मला खाली उतरवले, डोक्यावर घेतले आणि रूळ ओलांडून पलीकडे चालू लागला. येरानुही मागून लाकडी काथवट घेऊन निघाली. त्यात कणीक फुगून आली होती आणि ती काही थांबणार नव्हती. रस्त्यावरचे लोक बघत होते. पारोनाकने मला असे धरले होते की वरची ओळ सगळ्यांना नीट वाचता यावी.

पलीकडे एका पडक्या गोठ्यात त्याने नवी भट्टी रचली. तिथे माझे सोन्याचे दिवस आले. नुकती गाडीतून उतरलेली माणसे मला पाहून थबकायची. बैरूतहून आलेली एक म्हातारी मला वाचून तिथेच फुटपाथवर बसली आणि कोणी उठवेपर्यंत उठली नाही. शाळेत जाणारी आमची मुले येता-जाता माझ्यावरची अक्षरे मोठ्याने म्हणत. मला त्या वेळी फार अभिमान वाटे. थोडा माजही होता, खोटे कशाला सांगू.

पारोनाक आणि येरानुहीचा मुलगा खोरेन. तो अमेरिकेच्या फौजेतून महायुद्ध लढला, पायात गोळीचा तुकडा घेऊन परत आला आणि लग्न करून शहराच्या उत्तर भागात घर घ्यायला निघाला. घर आवडले, सौदा ठरला. कागदावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा दलालाने लेखणी खाली ठेवली. त्या वस्तीत आर्मेनियन माणसाला घर विकायचे नाही, अशी अट खरेदीखतातच होती.

वर्षभरात खोरेन चिलिंगिरियानचा केन चिल्टन झाला. मग एका दुपारी तो पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढला. पारोनाक खाली येऊन उभा राहिला.

"बाबा, मी या देशासाठी गोळी खाल्ली," खोरेन म्हणाला. "आणि नावाचं शेपूट बघून त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. मला पोराबाळांना वाढवायचंय. शेपूट कापलं तर काय बिघडलं?"

"यान म्हणजे अमक्यांच्या घरातला," पारोनाक म्हणाला. "ते कापलंस तर मागे उरतो नुसता चिलिंगिर, म्हणजे कुलूपवाला. कुणाच्या घरातला, ते कुणी सांगायचं?"

 खोरेनने ब्रश डब्यात बुडवला आणि माझ्यावर फिरवला. मला त्याचा राग आला, पण त्याचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की त्याचे ओले डोळेही मलाच दिसले. पांढऱ्या रंगावर त्याने इंग्रजीत 'चिल्टन बेकरी' लिहिले.

पारोनाकने मुलाशी भांडण काढले नाही. त्याने दुसरेच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्यावर येऊन उभा राहिला, मान वर केली आणि त्या पांढऱ्या रंगाकडे बघत त्याखाली गेलेली वरची ओळ मोठ्याने वाचली. पुरी वाचली. तिसऱ्या दिवशीही वाचली. पुढची सात वर्षे, मरेपर्यंत, एक दिवस चुकला नाही. नवी गिऱ्हाइके म्हाताऱ्याचे डोके फिरले म्हणायची. जुनी गिऱ्हाइके टोपी काढून उभी राहायची. आत खोरेन पाव मोजत राहायचा.

पारोनाक गेल्यावर दुकानावर विजेची पाटी आली आणि मी मागच्या अंगणात कोळशाच्या खोक्याचे झाकण झाले. त्या वर्षांबद्दल फार सांगत नाही. माझ्यावर मांजरे झोपली, कोणी ओले पोते टाकले, कडा गंजल्या. पण रंगाखाली मी होते. तशी मी एक दिवसही दुसरी कोणी झाले नाही.

खोरेनची मुलगी लुईस. १९६९ साली ती वीस वर्षांची होती आणि कॉलेजात शिकत होती. एकदा कोळसा काढायला आली, तेव्हा उन्हाने पोपडे सुटलेल्या रंगाखाली तिला एक पिवळे वळण दिसले. तिने नखाने खरवडले, तसे आणखी एक निघाले. तिने आत जाऊन आजीला, येरानुहीला, हाताला धरून बाहेर आणले.

"आजी, हे काय लिहिलंय?"

"तुझं नाव," येरानुही म्हणाली.

"माझं नाव लुईस चिल्टन."

"ते कागदावरचं. तुझ्या आजोबांनी कानात सांगितलेलं नाव आर्शालुईस, म्हणजे पहाट. आर्शालुईस चिलिंगिरियान. त्यातलं आडनाव तुझ्या बोटाखाली आहे बघ."

मुलीने त्या आठवड्यात रॉकेल, चिंध्या आणि भट्टीतली खरवडणी घेऊन मला मोकळे केले. काही अक्षरांचे टवके रंगाबरोबर निघाले. मला वेदना झाल्या, पण मी आनंदाने सोसल्या. खोरेन अंगणात आला आणि बघतच राहिला. मग म्हणाला, "चिल्टन या नावावर तुला घर मिळालं, शाळा मिळाली. कुणी दगड मारला नाही. आता त्याच्यावर थुंकतेस?"

"थुंकत नाही, बाबा," आर्शालुईस म्हणाली. "तुम्ही ते माझ्यासाठी केलंत, माहितीय मला. पण आता मला ते नको."

ती कोर्टात गेली. तिथे काय झाले ते तिने दुकानात येऊन आजीला सांगितले, तेव्हा दाराशी टेकून ठेवलेल्या मलाही ऐकू आले. कारकुनाने अर्ज पाहिला आणि एवढे लांब नाव छापील चौकोनात मावत नाही, थोडे आखूड करा म्हणाला. आर्शालुईसने त्याला सांगितले, "मग चौकोन मोठा करा." कारकून हसला. ती हसली नाही. शेवटी त्याने चौकोनाची रेघ ओलांडून नाव पुरे लिहिले.

रविवारी तिने मला विजेच्या पाटीच्याही वर टांगायला काढले. खोरेन बाहेर आला. 

"मी काही नाव बदलणार नाही," तो म्हणाला. "या वयात ते जमायचं नाही." मग शिडीकडे बघून म्हणाला, "पण शिडी डुगडुगतेय. धरतो मी."

आणि त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

महिनाभरात कोणी तरी मोटारीतून जाताना माझ्यावर दगड मारला. कोपरा वाकला तो तेव्हाचा. आर्शालुईसने तो सरळ करून घेतला नाही. ती म्हणाली, लागलेले दिसू दे, आणि आपण इथेच आहोत हेही दिसू दे. दर शनिवारी ती भट्टीमागच्या खोलीत मुलांना आमची भाषा शिकवू लागली. पहिल्या शनिवारी तीन मुले आली होती आणि त्यांतली दोन पावासाठी आली होती. तिने तिघांनाही आधी शिकवले, मग पाव दिला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढेच मला सांगायचे असते तर मी इतकी बोलले नसते. मला गंज चढला तर कोणी तरी तेल लावील. भाषेला मात्र रोज तोंडात घ्यावे लागते, आणि ते काम पाटीला जमत नाही. ते तुमचे आहे. तुमचे नाव अवघड आहे, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. ते सोपे करून देऊ नका. मान वर करून पुरे सांगा. पहिल्यांदा लोक चुकतील, दुसऱ्यांदा अडखळतील, तिसऱ्यांदा बरोबर म्हणतील. नाहीच म्हटले, तर चौथ्यांदा सांगा.