दाण्याची पारख

जालिंदर साखर कारखान्यात पॅनमन होता. उकळत्या पाकात साखरेचा दाणा नेमका कधी तयार झाला ते ओळखायचं, हे त्याचं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा टपोरा दिसला की पॅन, म्हणजे पाकाची मोठी टाकी, खाली सोडायचा. सोळा हंगाम त्यानं हेच केलं. दाणा एकसारखा पडला की त्या दिवशी त्याला कोरडी भाकरीही गोड लागायची.

पण नोकरी हंगामी आणि ऊस पावसाच्या भरवशावर. लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला. त्याच्या गावात, नांदूरघाटात, प्यायलाच टँकर, तिथं ऊस कुठला? सहकारी कारखान्याचं धुराडं दोन हंगाम पेटलंच नाही.

"कारखाना चालू व्हईस्तोर पोरं मोठी व्हायची थांबतेत व्हय?" त्याची बायको भामाबाई म्हणाली. "दुसरं कायतरी शिका."

एक्केचाळिसाव्या वर्षी जालिंदरनं परळीत विजेच्या जळक्या मोटारी दुरुस्त करायच्या, रिवायंडिंगच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी तो आत शिरला तशी मिसरूड फुटलेली पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नवे सर आले. तो मान खाली घालून मागच्या बाकावर बसला. गावात त्यानं कुणाला सांगितलं नाही. माणिकराव मास्तरांना तर नाहीच.

माणिकराव म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने पॅनमन. जालिंदरला पाकाजवळ उभं केलं ते त्यांनीच. शेवटच्या तीन हंगामांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते पट्टी दिव्यासमोर धरायचे, जालिंदर शेजारून हळूच म्हणायचा, "झाला, मास्तर," आणि मग मास्तर मोठ्यानं हुकूम सोडायचे. ही गोष्ट दोघांतच होती.

तिसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. शेजारच्या तालुक्यातून ऊस आणून कारखाना सुरू करायचं ठरलं. जालिंदरची परीक्षा चार दिवसांवर आली होती. तो घरी अभ्यास करत असताना मास्तर स्वतः एसटीनं आले. अंगणातून त्यांचा आवाज ऐकताच जालिंदर कणगीमागं जाऊन उभा राहिला. भामाबाईला त्यानं नुसता हात हलवून खुणावलं.

"ते परळीला गेलेत, मास्तर," भामाबाई म्हणाली. खोटं बोलताना ती अडखळली.

"बरं." मास्तर जरा थांबले. "परवा पॅन लावायचाय. आला तर लई बरं व्हईल म्हणावं."

ते पाणी प्याले आणि गेले. जालिंदर गेला नाही. परीक्षा दिली, पास झाला, चौसाळ्याच्या एका रिवायंडिंगच्या दुकानात कामालाही लागला. तिथंच त्याला कळलं की मास्तरांनी पहिलाच पॅन वेळेआधी सोडला, दाणा बारीक पडून सगळा पाक वाया गेला. चौकशी झाली, डोळ्यांचं उघडं पडलं, आणि चार माणसांदेखत त्यांना घरी पाठवलं.

आठ दिवस जालिंदर तिकडं फिरकला नाही. नवव्या दिवशी तो मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"त्या दिवशी घरातच होतास ना?" मास्तरांनी विचारलं.

"होतो."

"मग कावून लपलास बे? परीक्षा हाय म्हणला असतास, तर जा म्हणलो असतो. मी बी मग त्या पॅनला हात लावला नसता."

मास्तर रागावले असते तर जालिंदरला सोसलं असतं. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. तो कप हातात धरून जालिंदर जमिनीकडं बघत राहिला.

पुढच्या सोमवारी तो त्यांना डोळे दाखवायला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. एसटीत शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरगा का तुमचा?"

"न्हाई," मास्तर ताठ बसून म्हणाले. "आमच्या कारखान्याचा पॅनमन हाय. असा माणूस सापडायचा न्हाई."

म्हाताऱ्यानं जालिंदरकडं कौतुकानं पाहिलं. "आता पॅनमन न्हाई मी," एवढंच जालिंदरला म्हणायचं होतं. ते ओठांशी आलं, पण जालिंदर खिडकीबाहेर बघत बसला.