हिरव्या पुड्यावरची चिठ्ठी

"ताई, पुडा बदलून बघू का? तारीख उलटली असेल."

"सोमवारीच बदललाय. त्या बिचाऱ्यावर कशाला खापर फोडतेस, पेइ-शान?" सू-ल्यान ताई म्हणाल्या.

आमच्या शिंचू शहरातल्या कारखान्यांत यंत्रावर कुरकुरीत खाऊचा हा पुडा नसेल, तर कामाला हात लावत नाहीत; तो असला की यंत्र बिघडत नाही म्हणे. पुड्याचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग'. तो हिरवाच लागतो, शिळा चालत नाही आणि खायचा तर मुळीच नाही. आमचा पुडा काचपेटीच्या उजव्या हातमोज्याशेजारी टांगलेला होता. त्यावर तारखेची कागदी चिठ्ठी लोंबत असे. ताईंनी हात घातला की ती हलायची. "पुडा तुम्हाला मान डोलावतो," असं मीच चिडवायचे. "शिंचूचा वारा, बाई. भिंतीतूनही येतो," त्या म्हणायच्या.

पेटीत नायट्रोजन भरलेला असे. पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून ताई शिसं असलेले अतिसूक्ष्म कण, म्हणजे क्वांटम डॉट, पातळ फिल्मवर पसरवत. त्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर बनतो. मग तो बंद डब्यात, मिट्ट काळोखात मोजायचा. तिथे आकडा शून्याजवळ हवा. ताईंचे सेन्सर एकवीस वर्षं काळोखात गप्प बसले होते. गेले दोन महिने मात्र आकडा चढत होता. डब्यात काही नसताना सेन्सरला काहीतरी दिसत होतं. मला त्या डब्याची भीतीच वाटायला लागली होती.

त्या दिवशी जेवताना ताईंच्या हातून चॉपस्टिक दोनदा पडली.

"वय झालं गं," त्या हसल्या.

मला राहवलं नाही. "ताई, मला तिसरा महिना चाललाय."

त्यांनी डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला. "वर सांगितलंस?"

"सांगितलं तर शिशाच्या कामावरून काढतील. तुमच्यानंतर ही पेटी मला हवीय."

त्यांचं सूप तसंच निवलं.

दुपारी व्यवस्थापक ल्याओ येऊन बजावून गेले, पाचपर्यंत दोन चांगले सेन्सर हवेत. मी म्हटलं, "ताई, आज मी हात घालते. तुम्ही जरा बसा." त्या नकोच म्हणत होत्या. मी हट्टाने पुढे झाले, तशा त्या एक पाऊल मागे सरल्या. काम चालू असताना त्या पेटीपासून दूर उभ्या राहिल्या नव्हत्या कधी.

मी हात आत सारले. चिठ्ठी वर उचलली गेली.

"हात बाहेर काढ."

"अहो, आत्ता तर घातला—"

"काढ म्हणते ना! इथे खिडकी तरी आहे का एक? वारा कुठून येतोय?"

ताईंचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी हातमोजा ओढून बाहेर काढला. मनगटाच्या घडीत नखाएवढी चीर होती आणि तिच्यावर वाळून सुटलेली टेप. हात आत गेला की पेटीतला वायू शिशाचे कण घेऊन तिथून बाहेर येत होता, आणि हात काढला की बाहेरची हवा आत जाऊन सेन्सर बिघडवत होती.

"टेप मीच लावली," त्या म्हणाल्या. "नवा मोजा यायला सहा आठवडे. काम थांबलं असतं."

आवाज ऐकून ल्याओ परत आले. मोजा फाटलाय, एवढं सांगून भागलं असतं. ताईंनी उजवा हात त्यांच्यासमोर धरला. पंजा मनगटातून लुळा लोंबला.

"दोन महिने बधिर आहे. शिसं भिनलंय. मी लपवलं. पेटी बंद करा, साहेब. कुणालाही हात घालू देऊ नका." माझ्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

ताईंना दवाखान्यात न्यायला ल्याओ गाडी काढायला धावले. ताईंनी मला नळाशी नेलं. "साबण लाव. कोपरापर्यंत." मी धूत असताना त्यांनी हळूच विचारलं, "याआधी कधी पेटीत हात घातला होतास?"

"तुम्ही चहाला जायचात तेव्हा. चारदा."

त्यांनी साबण पुन्हा माझ्या हातात दिला. "पुन्हा धू," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा धुतले. शेजारच्या नळाखाली ताई डाव्या हाताने आपला उजवा हात धरून धूत होत्या. लहान मुलाचा धुवावा तसा, एकेक बोट वेगळं करून.